दामिनीचे सगळे रविवार

बाळांनो, जरा समजा. समजा, तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि खर्डीच्या अलीकडे भाताच्या खाचरांमध्ये वसलेल्या एका छोट्या वाडीत राहता. तुमच्या घराच्या दारात उभं राहिलं की समोर माहुलीचा किल्ला दिसतो. सकाळी निळा, दुपारी करडा, पावसात गायब. समजा, तुम्हाला एक थोरली बहीण आहे. ती अभ्यासात हुशार आहे, तिचा हात कामाला सरळ आहे, आणि तिला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता येते, जी तुम्हाला अजून येत नाही.

आता समजा, ती बहीण विमानात बसून दूर देशी गेली. आणि दर रविवारी तुम्ही शेणाचे हात धुऊन फोन उघडता, तेव्हा त्यात ती दिसते. कधी समुद्रावर, कधी पवनचक्कीखाली, कधी पाण्याचे रस्ते असलेल्या एखाद्या गावात. केस वाऱ्यावर उडताहेत आणि हसते आहे.

पोटात काय होतं? खरं सांगा. आनंद होतो, हो, होतोच. पण आनंदाच्या खाली, अगदी तळाशी, भाताला लागलेल्या खरपुडीसारखं आणखी काही तरी असतं ना?

रंजिताच्या पोटात ते होतं. आणि ते दर रविवारी थोडं थोडं जाड होत गेलं.

तिची बहीण दामिनी शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजाने तिला सहा महिन्यांसाठी नेदरलँड्सला पाठवलं होतं, इंटर्नशिपला. म्हणजे पुस्तक मिटून खऱ्या कामाच्या जागी जायचं आणि हाताने करून शिकायचं. तिकडे काचेची प्रचंड मोठी घरं असतात आणि त्यांत टोमॅटो पिकवतात. आपल्या वाडीतली सगळी खाचरं एका घरात मावतील, असं दामिनीने सांगितलं होतं. बाबांनी, म्हणजे बारकूने, ते वाशिंदच्या कंपनीत सगळ्यांना सांगितलं होतं.

जाण्याआधी मे महिन्यात दामिनी धाकटीला म्हणाली होती, "पावसाच्या आधी एक रविवार तुला माहुलीवर नेते. पक्कं." मग कागदपत्रं निघाली, शहापूरच्या कचेरीत खेपा झाल्या, मुरबाडला मामाकडे जाऊन पाया पडणं झालं, आणि पावसाआधीचे सगळे रविवार संपून गेले. निघायच्या दिवशी खर्डी स्टेशनावर रंजिता तोंड फुगवून उभी होती.

"आल्यावर जाऊ गो," दामिनी म्हणाली.

"नको मला."

"अगो, माफ कर ना. काय करू म्हणजे माफ करशील?"

रंजिताला त्या घटकेला जे सुचलं ते ती बोलली. "दर रविवारी मला एक नवं गाव दाखवायचं. एक रविवार जरी चुकलीस, तर माहुलीचं माफ नाय."

दामिनी हसली. गाडी आली. आणि बोलून गेलेल्या बऱ्याच गोष्टींसारखी ही गोष्टही रंजिता विसरून गेली.

दामिनी गेली आणि लगेच आवणी आली. भाताची रोपं उपटून चिखलात एकेक करून लावायची, ती आवणी. दरवर्षी ओळीत तिसरी जागा दामिनीची असायची. या वर्षी तिथे रंजिता उभी राहिली. कमरेत वाकून वाकून तिची पाठ भरून आली, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या, आणि मागे वळून पाहिलं तर तिची ओळ नदीसारखी वळणं घेत गेलेली.

शेजारची गोजरआत्या बांधावरून म्हणाली, "दामिनीची ओळ बघायला पायजे होती. दोरी लावल्यागत."

"मग तिलाच बोलवा," रंजिता म्हणाली.

"जीभ बाकी सरळ चालते हिची," आत्या म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या.

आता फोनचं सांगतो, कारण या गोष्टीत फोन महत्त्वाचा आहे. बाबांच्या कंपनीत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर काढून घेतात. म्हणून बाबांकडे बटणांचा साधा फोन असे. मोठा फोन घरी, आणि घरी तो रंजिताच्या ताब्यात, कारण आईला त्यातलं फक्त उचलणं आणि ठेवणं यायचं. घरात नेटवर्क नव्हतं. ते यायचं वाडीच्या टोकाला, चिंचेखालच्या पारावर. रंजिता संध्याकाळी पारावर जायची, दामिनीने पाठवलेले फोटो फोनमध्ये उतरू द्यायची, आणि बाबा आले की ओटीवर बसून सगळ्यांना दाखवायची. दामिनीला घरच्यांनी पाहायचं ते रंजिताच्या हातातून.

सुरुवातीला ती सगळं दाखवत असे. रविवारचं फिरणंही आणि आठवड्याचं कामही. एका सोमवारी फोटो आला होता, दामिनी रबरी बूट घालून ट्रे धूत होती. ट्रेंची उतरंड तिच्या डोक्याच्या वर गेली होती.

आई बघत राहिली. "किती वाळली गो माझी पोर."

आणि बाबा म्हणाले, "बघ रंजे. एवढ्या लांब जाऊन पण हात हलवते. नायतर तू. दोन हंडे आणायचे तर तुझं तोंड वाकडं."

रंजिताने त्या दिवशी दोन नव्हे, चार हंडे आणले होते, पायाच्या चिखल्या घेऊन. ते कोणी फोटोत काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाचा फोटो आला. दामिनी रुळांवरून सरकणाऱ्या एका उंच गाडीवर उभी होती आणि छतापर्यंत चढलेले टोमॅटोचे वेल खाली उतरवत होती. रंजिताने पारावर बसून तो पाहिला. घरी आली. बाबांनी विचारलं, "आलं काय दामिनीचं?"

"नेटवर्क नव्हतं," रंजिता म्हणाली.

इतकंच. छोटंसं वाक्य. बाबा बरं म्हणाले आणि जेवायला बसले. आकाश कोसळलं नाही.

त्या रविवारी दामिनी समुद्रावर गेली होती. ते फोटो रंजिताने सगळ्यांना दाखवले, गोजरआत्यालाही हाक मारून बोलावलं. आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"अगो, ही काम कधी करते?"

आत्या सहज बोलली होती. पण ते ऐकताना रंजिताला जिभेवर गुळाचा खडा ठेवल्यासारखं वाटलं. दामिनीविषयी कोणी तरी वाकडं बोललं होतं, आणि रंजिताला त्यासाठी काहीही खोटं बोलावं लागलं नव्हतं. नुसतं काही तरी दाखवायचं राहिलं होतं.

मग ते राहतच गेलं. श्रावण गेला, भादवा गेला. सोमवार ते शुक्रवार फोनमध्येच राहिले. ओटीवर फक्त रविवार आले. आज ही लाकडी पवनचक्की. आज हे पाण्याचे रस्ते, आणि त्यांच्यावरचे कमानीसारखे पूल. आज दामिनी गाडीत बसून शेजारच्या देशात गेली. "देश बदलला नि कोणी विचारलं पण नाय," असं तिने लिहिलं होतं.

"आपल्याला कसाऱ्याला उतरलं तरी तिकीट विचारतात," बाबा म्हणाले, पण हसले नाहीत.

दामिनीचा फोनही रविवारीच यायचा. इतर दिवशी तिची सुटका होईपर्यंत इकडे सगळे आडवे झालेले असत, कारण बाबांना पहाटेच पाळीला निघायचं असे. रविवारी ती कुठे तरी फिरायला गेलेली असे, म्हणून फोनमध्येही मागे समुद्र नाही तर स्टेशन. पारावर सगळे दाटीने बसायचे.

"काम कसं चाललंय गो?" बाबा विचारायचे.

"चाललंय बाबा. या आठवड्यात तर," आणि फोन अडकायचा. दामिनीचं तोंड उघडंच्या उघडं राहायचं, मागे एक जहाज थांबलेलं. मग ती परत हलू लागायची तोवर आईने विचारलेलं असायचं, "जेवलीस काय?" आणि कामाची गोष्ट तिथेच राहून जायची.

हळूहळू वाडीत बोलणं सुरू झालं. खर्डी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बाबांना कोणी तरी रोज विचारायचं, "काय बारकूशेट, या रविवारी पोरगी कुठल्या देशात?" आधी बाबा अभिमानाने सांगायचे. नंतर नुसते हसायचे. मग त्यांनी टपरीवर थांबणंच सोडलं. घरी येऊन पाय धुवायचे आणि चहा घरीच मागायचे.

रंजिताला ते दिसत होतं. तिला वाईटही वाटत होतं. पण बाळांनो, हेवा हा असा पाहुणा आहे की त्याला एकदा बसायला घोंगडी दिली, की तो वाईट वाटण्यालाही बाजूला सरकवून मधोमध बसतो. रंजिता स्वतःला म्हणायची, मी कुठे खोटं बोलते? समुद्र खरा आहे. होडी खरी आहे. ती फिरते ते खरंच आहे.

आश्विन लागला. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात पिवळं झालं. आणि एका रविवारी पारावर फोन अडकला नाही, अगदी स्वच्छ चालला. दामिनी कुठल्याशा बाकावर बसली होती.

"बाबा, एक विचारायचंय. डिसेंबरला माझं संपतं ना? तर मला इथं अजून तीन महिने राहायला सांगतायत. पुढचं पीक लावतात ते सगळं शिकायला मिळंल. कॉलेज हो म्हणतंय. पण तुमी हो म्हटलं तरच राहीन."

रंजिताने फोन धरला होता, तिचा हात अवघडला तरी तिने तो हलवला नाही.

"पुढच्या रविवारी नव्याचं जेवण आहे," शेवटी बाबा म्हणाले. "पंढरीभाऊ पण येतील. पानावर बसून सांगतो."

"बरं, बाबा," दामिनी म्हणाली.

पंढरीभाऊ म्हणजे आईचा थोरला भाऊ, मुरबाडचा मामा. दामिनी जाणार म्हटल्यावर तो म्हणाला होता, "दाजी, पोर फिरून येईल, हाताला काय लागणार नाय." तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पंढरीभाऊ, ती कामाला चालली. माझी पोर आहे." आता त्याच पंढरीभाऊंसमोर बाबांना बोलायचं होतं.

रंजिता पारावरून घरी येताना मनात जुळवत होती. बाबा नाही म्हणाले, तर दामिनी डिसेंबरात येईल. रविवार बंद होतील. पाण्याचे हंडे पुन्हा दोघींत वाटले जातील. माहुलीवरही जाता येईल. आणि यासाठी रंजिताला काहीच करायचं नव्हतं. जसं चाललं होतं तसंच आठ दिवस चालू ठेवायचं होतं.

गुरुवारी ती पारावर गेली, तेव्हा फोनमध्ये एक फोटो होता आणि दामिनीच्या आवाजातला निरोप. फोटोत नुसते दोन हात होते. बोटं, नखं, तळव्यांच्या रेषा, सगळं काळपट हिरवं. रंजिताने निरोप लावला.

"रंजे, हे तुझ्यासाठी आहे हां. हात बघ माझे. टोमॅटोचा पाला दिवसभर काढला की असे होतात. साबणाने जात नाय. लिंबाने जरा जातात. मला आवणी आठवली. तुझ्या चिखल्या बऱ्या झाल्या काय? खरं सांगू, या रविवारी मला नुसतं झोपायचंय. मागच्या वेळी गाडीत बसले नि बसल्या बसल्या झोपले, उतरायचं स्टेशन पुढे गेलं. मजा येते गो, खोटं कशाला बोलू. पण तू स्टेशनवर काय बोललेलीस, आठवतं ना? एक रविवार चुकले तर माहुलीचं माफ नाय. म्हणून जाते. आता या रविवारी कुठं जाऊ, तूच सांग."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून रंजिता विरघळली. नाही. तिला राग आला. तिला वाटलं, म्हणजे हिच्या फिरण्यालाही मीच कारण? फिरायचंही हिने, थकायचंही हिने, चांगलं वागायचंही हिनेच, आणि मला काय उरलं? एखादं माणूस वाईट असेल तर त्याचा हेवा करणं सोपं जातं. दामिनी तेवढीही सवलत देत नव्हती.

तिने उत्तर लिहिलं, "कुठंही जा." आणि फोन परकराच्या खिशात टाकून ती घरी गेली.

"आलं काय दामिनीचं?" आईने विचारलं.

"नाय."

रविवार उजाडला. नवं म्हणजे नव्या भाताचा पहिला दिवस. दारावर भाताच्या लोंब्यांचं तोरण लागलं होतं. चुलीवर नव्या तांदळाचा भात रटरटत होता आणि त्याचा वास पार चिंचेपर्यंत गेला होता. घरातली मोठी माणसं त्या दिवशी नवं पानात पडेपर्यंत काही खात नसत.

बारकूच्या घरी या दिवसाची आणखी एक पद्धत होती. भातसा धरणाचं काम चालू होतं तेव्हा बारकूचे वडील महिनोन्महिने तिकडे कामावर असायचे. नव्याच्या दिवशी त्यांचं पान घरात मांडलं जायचं. घरातल्या सगळ्यांत धाकट्याने त्या पानाशी बसायचं, दूर असलेल्या माणसाची खुशाली सर्वांना सांगायची, आणि मग त्याच्या पानातला पहिला घास घ्यायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही. आणि खुशाली सांगायची ती ऐकलेली नाही, पाहिलेली. बारकू लहान असताना नव्याच्या आदल्या दिवशी चालत धरणावर जायचा, बापाला डोळ्यांनी बघून यायचा. एकदा बापाच्या पायाला दगड लागून जखम झाली होती. बाप म्हणाला होता, घरी सांगू नकोस. बारकूने दुसऱ्या दिवशी पानावर सांगितलं होतं.

ही गोष्ट रंजिताने शंभरदा ऐकली होती. पण आपल्यावर ती पाळी येईल, हे सकाळी पळसाची पानं धुताना तिच्या ध्यानात आलं, आणि पान हातातून सुटलं.

मामा आला तो खांद्यावर लाल भोपळा घेऊन. गोजरआत्याही आली. पंगत बसली. आईने रंजिताच्या शेजारी एक जास्तीचं पान मांडलं आणि त्यावर भात, भोपळ्याची भाजी, खीर वाढली.

"दामिनीला हे चालंल काय?" मामा म्हणाला. "तिकडं ब्रेडची सवय लागली असंल."

"पोरीला नवं चालत नाय असं कधी झालंय काय, दादा?" आई म्हणाली.

"मी आपलं विचारतो, बाईजे. परवा आमच्या मुरबाडच्या नाक्यावर पण एकजण म्हणाला, तुमची भाची जग बघायला गेली ना? म्हटलं हो. जग बघून झालं की येईल."

गोजरआत्या खुदकन हसली. बाबांनी मान वर केली नाही. पानाच्या कडेची भाताची शितं ते बोटाने आत सारत होते.

"पंढरीभाऊ, तुमी मे महिन्यात बोललात ते बरोबर होतं," बाबा म्हणाले. "मी ठरवलंय. तिला सांगणार, डिसेंबरला ये. तीन महिने आणखी फिरून काय करायचंय?"

आईने हातातली पळी खाली ठेवली.

"पण आधी खुशाली," बाबा म्हणाले. "रंजे, सांग."

रंजिता दामिनीच्या पानासमोर सरकली. सगळे थांबले होते. भातावरची वाफ सरळ वर जात होती.

"दामिनी बरी आहे," ती म्हणाली.

"हे काय मी पण सांगेन," मामा म्हणाला. "पाहिलेलं सांग."

"तिकडं हवा चांगली आहे. समुद्र आहे. ती होडीत बसली."

"होडीत बसली," मामाने बाबांकडे बघून पुन्हा म्हटलं.

"आणि?" बाबा म्हणाले.

आणि म्हणजे काय? एवढं पुरत होतं. आता घास उचलायचा, तोंडात घालायचा, झालं. बाबांनी ठरवलंही होतं. रंजिताने हात पुढे केला. तेवढ्यात आईला काही तरी आठवलं. वाटीतून तिने लिंबाची एक फोड उचलली आणि दामिनीच्या पानात डाव्या बाजूला ठेवली. "तिला लागते," ती म्हणाली.

रंजिताचा हात तिथेच राहिला.

लिंबाने जरा जातात. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. भात कापून कापून बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या, आणि त्यांत काळं बसलं होतं. तिला ते हात आठवले, काळपट हिरवे, बोटं पसरून धरलेले, फक्त तिला दाखवायला. त्या फोटोत समुद्र नव्हता. आणि तो फोटो घरात दुसऱ्या कोणीही पाहिला नव्हता. पाहिलेली खुशाली सांगणारी सगळ्या घरात एकच होती.

खीर थंड होऊन तिच्यावर साय धरू लागली होती. बाबांनी पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. तरी ते थांबले होते, हात मांडीवर ठेवून.

रंजिता पानावरून उठली.

"अगो, उठू नये पानावरून," आई म्हणाली.

ती कोनाड्यापाशी गेली, फोन घेतला आणि येऊन बाबांसमोर बसली. एक एक करत फोटो मागे सरकवले, पार श्रावणापर्यंत.

"हा मंगळवार," ती म्हणाली. "मी दाखवला नव्हता."

बाबांनी फोन हातात घेतला. उंच गाडीवर उभी दामिनी, तिच्याभोवती वेल.

"पुढे सरकवा. बुधवार आहे. ते पिवळे कागद वेलांत टांगतात, त्यांना माशा चिकटतात. ती त्या भिंगातून मोजते."

बाबा सरकवत गेले. आई त्यांच्या खांद्यावरून वाकली. गोजरआत्याही पान सोडून आली, पानाचं कोणी काही म्हटलं नाही. सोमवार, गुरुवार, शुक्रवार. रबरी बूट. घामाने चिकटलेले केस. डब्यावर डोकं टेकून झोपलेली दामिनी, कुठल्या तरी मैत्रिणीने गंमत म्हणून काढलेली. आणि शेवटी ते दोन हात.

"हे तिचे हात?" मामाने विचारलं.

रंजिताने निरोप लावला. दामिनीचा आवाज ओटीभर झाला. माहुलीचं माफ नाय, इथपर्यंत आला तेव्हा रंजिताने मान खाली घातली.

आवाज संपला.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"श्रावणापासून."

"मी टपरी सोडली," बाबा हळू म्हणाले. "लोकं बोलायची म्हणून. नि हे सगळं तुझ्या हातात होतं."

त्यांनी आवाज चढवला असता तर रंजिताला बरं वाटलं असतं. आई पदराने फोनची काच पुसत होती, जणू तिच्यामागचे ते हात स्वच्छ होणार होते.

मामा खाकरला. "दाजी, मी आपलं... लोक बोलले ते बोललो."

"लोकांना दिसलं तेवढंच ते बोलले, पंढरीभाऊ. मी पण." बाबांनी फोन रंजिताच्या हातात परत दिला. "पानावर बस. खुशाली अर्धीच झाली. पुरी सांग, घास घे, सगळे जेवू दे. मग पारावर जाऊ. तिला मीच सांगतो, राहा म्हणून."

रंजिता पानावर बसली. हेवा गेला होता का? नव्हता. दामिनी आणखी तीन महिने राहणार होती, आणखी कितीतरी रविवार येणार होते, आणि वाडीत आता सगळे तिचंच कौतुक करणार होते. ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. तरी ती बोलली, आणि या वेळी अडखळली नाही.

"दामिनीचे हात काळे झालेत. ती खूप दमते. ती गाडीत झोपते. रविवारी तिला झोपायचं असतं, पण ती जाते, कारण मी तसं सांगितलेलं." मग तिने भातावर लिंबू पिळलं. बोटांच्या चिरांना ते झोंबलं. तिने दामिनीचा घास घेतला.

जेवणं झाल्यावर बाबा हात धूत होते, मामा सुपारी कातरत होता, तेवढ्यात ती पुढे धावत पारावर गेली. समोर माहुलीचे सुळके उन्हात करडे दिसत होते. दामिनीकडे आता सकाळ असणार. ती बूट घालून निघाली असणार, डोळे चोळत. बाबा अजून वाटेवरच्या आंब्याच्या झाडापाशीही पोचले नव्हते. रंजिताने घाईघाईने लिहिलं:

"गाडीत बसली असलीस तर उतर. घरी जा नि झोप. आज गाव नको."

पाठवलं. थोडं थांबली. मग आणखी एक ओळ लिहिली.

"माहुलीचं मात्र आल्यावर बघू."